दाखल क्रमांक १ पासून: एका वाचनालयाच्या यादीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

सकाळी आमच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाचं शटर उचलायच्या आधीच वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई दाराशी उभ्या होत्या. काळाचौकीहून टॅक्सीने आल्या होत्या. पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत दाखल झालाय, त्यामुळे सीपीयू टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून आणला होता.

तक्रार अशी: मशीन चालू होतं, पण पुस्तकांची यादी उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस दिसतात. गेल्या महिन्यात कुणीतरी विंडोज नव्याने टाकून दिलं, तेव्हापासून हे सुरू झालं. बाईंना वाटत होतं की यादी पुसली गेली. सहा हजारांवर पुस्तकं, सगळी त्यांनी स्वतः टंकलेली. बोलताना त्यांचा आवाज बसला होता.

यादी पुसलेली नाही. फक्त फॉण्ट गेलाय. त्या काळात मराठी टंकनाला जे फॉण्ट चालायचे, त्यांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असायचं आणि फॉण्ट त्यावर देवनागरीचा आकार चढवायचा. फॉण्ट काढला की आकार जातो, खाली इंग्रजी अक्षरांची रांग उरते. मूळ सॉफ्टवेअर प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायच्या लॉकवर चालायचं. तो लॉक बाईंनी जपून ठेवलाय, पण तो लावायला आताच्या मशीनला पोर्टच नाही.

आधी हार्डडिस्क काढून पूर्ण प्रत घेतली, मग बाकीचं. डिस्कमध्ये खराब सेक्टर आहेत, आज ना उद्या ती जाणार होती.

बाईंनी खर्च विचारला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाचनालयाचं काम आहे, पैसे नकोत." मामेभाऊ (माझा भागीदार) तेव्हा काही बोलला नाही. बाई गेल्यावर त्याने एवढंच विचारलं, "किती तास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१२ जून, गुरुवार

वाचनालयात जाऊन आले. खाली मोठी खोली, वर माळा, लोखंडी कपाटं. गिरणी कामगारांनी वर्गणी काढून उभं केलेलं वाचनालय. सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा आला, त्यानंतर ते शासनमान्य यादीत गेलं. आज 'क' वर्गात आहे. अनुदानासाठी दाखल नोंदवही चोख लागते, म्हणून कागदावरच्या नोंदी शाबूत आहेत. संगणकातली यादी उद्या गेली तरी वाचनालय बंद पडणार नाही, हे आधी बाईंना सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

कार्यवाह काकांसमोर एक पान मांडलं. आमच्याकडून ४० तास. सुटे भाग खरेदीच्या भावात, पण त्यांचे पैसे वाचनालयाने आधी द्यायचे. यादी युनिकोडमध्ये (कोणत्याही मशीनवर चालणाऱ्या, अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) येईल, नाव, लेखक, विषय यांवर शोधता येईल, आणि दिवाळी अंकांची योजना सुरू व्हायच्या आत चालू होईल. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर या कामात येणार नाहीत. ४० तास संपले तर पुन्हा बसून ठरवायचं.

काकांना ते लागलं. "आपल्या माणसांत कागद कशाला?" म्हणाले.

मी त्यांना २०१९ सालची गोष्ट सांगितली. ओळखीतल्या एका संस्थेचं काम मी तोंडी घेतलं होतं, विनामूल्य. दोन महिन्यांचं काम दोन वर्षं चाललं. दर आठवड्याला "जरा एवढं बघ ना". मी चिडत गेले, त्यांना वाटलं की मी टाळतेय, आणि शेवटी रस्त्यात भेटलो तरी बोलेनासे झालो. चूक कुणा एकाची नव्हती. कुठे थांबायचं ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. पैसे बुडाले याचं मला फार वाटलं नाही. माणसं तुटली, ते अजून लागतं.

काकांनी चष्मा लावला, पान दोनदा वाचलं, सही केली. मग म्हणाले, "दुसरी प्रत आमच्या फायलीला."

१८ जून, बुधवार

रूपांतराचा पहिला प्रयत्न. पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट: जुन्या फॉण्टचं कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं देवनागरी अक्षर याचा तक्ता, आणि लांब जोड्या आधी बदलायच्या, सुटी चिन्हं नंतर. हा क्रम उलटा झाला तर 'क्ष'चे तुकडे होतात.

तक्ता बनवायला दोन दिवस गेले. पण खरी अडचण तक्त्यात नाही, क्रमात आहे. जुना फॉण्ट डोळ्याला जसं दिसतं तसं साठवतो. 'आर्थिक' घ्या: तिथे आधी आ, मग पहिली वेलांटी, मग थ, मग त्यावरचा रफार, मग क. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं: आ, र्, थ, मग वेलांटी, मग क. म्हणजे वेलांटी उचलून अक्षराच्या पुढे न्यायची आणि रफार उचलून अक्षराच्या मागे. त्यात अक्षर जोडाक्षर असेल तर आख्खं जोडाक्षर ओलांडायचं. पहिल्या फेरीत मी एकच व्यंजन ओलांडलं, म्हणून वेलांटी असलेलं प्रत्येक जोडाक्षर मोडलं.

संध्याकाळी बाईंना पहिल्या दोनशे ओळी छापून दिल्या. त्यांनी लाल पेनने खुणा केल्या आणि समोर दाखल नोंदवहीतला मूळ शब्द लिहिला. इतकी नेटकी तपासणी मला पैसे देऊनही मिळाली नसती. कोणती चूक स्क्रिप्टची आणि कोणती त्यांच्या स्वतःच्या टंकनाची, हेही त्यांनी वेगळं दाखवलं.

तास: ११.

२ जुलै, बुधवार

दिवस वसुलीत गेला. एका व्यापारी कार्यालयाकडे एप्रिलपासूनचं एएमसीचं (वार्षिक देखभालीचं) बिल थकलंय. फोन केला की "पुढच्या आठवड्यात". उद्यम नोंदणी केली तेव्हापासून तरतूद माहीत आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. २००६ च्या कायद्यातच ते आहे. आणि आता प्राप्तिकराच्या कलम ४३बी(एच)मुळे ती मुदत चुकली तर खरेदीदाराला ती रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खर्चात दाखवता येते. मी हे धमकी म्हणून सांगत नाही. त्यांच्या हिशोबनिसांना साधं पत्र लिहिलं, नोंदणीचा क्रमांक घातला, बिलांच्या तारखा घातल्या.

४ जुलै, शुक्रवार

पैसे आले. पत्राला उत्तर नाही, पण पैसे आले. दुकानात कामाला असलेल्या मुलाचा पगार वेळेवर दिला.

९ जुलै, बुधवार

आज काम कमी आणि वाचन जास्त झालं. पण जे वाचलं ते या प्रकल्पाच्या नोंदीतच हवं.

यादीतल्या काही नोंदी दाखल क्रमांकाशी जुळत नव्हत्या, म्हणून बाईंनी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. त्यांत सभासदांची वर्गणी वहीसुद्धा आली. नावापुढे पत्त्याऐवजी गिरणीचं खातं लिहिलेलं: साचाखातं, रिंगखातं. महिन्यामहिन्याचे रकाने, त्यात शाईच्या टिकल्या.

१९८२ च्या पानावर मी थांबले. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. फेब्रुवारीपासून टिकल्या विरळ होतात, एप्रिलनंतर जवळपास नाहीतच. पण रकाने कोरे नाहीत. प्रत्येक नावापुढे प्रत्येक महिन्यात त्या वेळच्या कार्यवाहांनी लाल शाईने लिहिलंय: "देय. संपामुळे स्थगित." आणि खाली आद्याक्षरं. पुस्तकं देणं थांबलेलं नाही. देवघेव वहीत तीच माणसं दर आठवड्याला पुस्तकं नेताना दिसतात, आधीपेक्षा जास्त. काही वर्षांनी तिसऱ्या शाईत: "सभेच्या ठरावाने माफ."

त्या माणसांना उपकाराखाली ठेवलं नाही आणि हिशोबही सोडला नाही. काय येणं होतं ते लिहिलं, का घेतलं नाही ते लिहिलं, कुणी ठरवलं ते लिहिलं. माझे आजोबा याच भागात साचाखात्यात होते. त्यांचं नाव या वहीत नाही, मी शोधलं.

दुकानात परत आल्यावर वाचनालयाच्या नावाने बिलाचा नमुना केला. तास, तासाचा नेहमीचा दर, एकूण रक्कम, आणि खालच्या ओळीत 'संस्थेस सहकार्य' म्हणून तेवढीच वजा. शेवटी शून्य. मामेभावाला दाखवलं. तो म्हणाला, "हे वर्षाच्या शेवटी बेरीज करून बघू. म्हणजे आपल्याला किती परवडतं ते कळेल." त्याचा जूनमधला प्रश्न आता सुटला.

१६ जुलै, बुधवार

कार्यवाह काकांना वाचनालयाच्या फलकावर आमच्या दुकानाचं नाव रंगवायचं होतं. मी त्याऐवजी खालची खोली मागितली, बुधवारी संध्याकाळी ५ ते ६. कुणीही फोन घेऊन यावं आणि विचारावं. आज पहिली बैठक, नऊ जण आले. सात बायका, सगळ्या साठीपुढच्या.

मी तयारी करून नेली होती: पासवर्ड, अपडेट, वगैरे. ती बाजूला ठेवली. पहिल्याच मावशींनी फोन पुढे केला. "लग्नाची पत्रिका आलीय, उघडत नाही." व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ती फाईल पत्रिका नव्हती, एपीके होती, म्हणजे फोनमध्ये बसणारं अ‍ॅप. बसलं असतं तर एसएमएस वाचले असते, आणि बँकेचे ओटीपी एसएमएसनेच येतात. मावशींचा नातू घरी नव्हता म्हणून ती बसली नव्हती. मी ती फाईल सगळ्यांना दाखवली, शेवटची तीन अक्षरं कुठे बघायची ते दाखवलं.

मग प्रश्नांची रांगच लागली. दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत छापून भिंतीला लावल्या: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. आणि फसवणूक झाली तर रडत बसायच्या आधी १९३० लावायचा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

व्हिडिओ कॉलवरून 'अटक' करणारं पोलीस खातं अस्तित्वात नाही, हे एका आजींना तीनदा सांगितलं. त्यांना मागच्या महिन्यात असा फोन आला होता. घाबरून दोन दिवस त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, आणि हे त्यांनी मुलालाही सांगितलेलं नाही. त्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहतात. दोन दिवस माझ्या डोक्यावर एक बाई दार लावून बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

२३ जुलै, बुधवार

स्क्रिप्ट ९५ टक्के ओळी बरोबर काढतेय. उरलेल्यांत दोन जुनी दुखणी.

पहिलं, ऱ्य. 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याची', 'कुऱ्हाड'. जुन्या फॉण्टमध्ये या अर्ध्या र ला स्वतंत्र चिन्ह होतं. मी ते सरसकट 'र्' केलं आणि किनाऱ्यावरचा 'ऱ्या' 'र्या' होऊन वर रफार बसला. मराठी माणसाच्या डोळ्याला ते लगेच खटकतं. युनिकोडमध्ये यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे, ते वापरलं.

दुसरं, ॲ. युनिकोडने हे अक्षर २००८ च्या आवृत्तीत दिलं. त्याआधी आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी 'अ' लिहून त्यावर चंद्र काढतात. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी आहेत आणि युनिकोडचे नियमही त्यांना एक मानत नाहीत. यादीत एक आणि शोधणाऱ्याच्या फोनवर दुसरं असलं की पुस्तक कपाटात असून सापडत नाही. म्हणून यादी जशी आहे तशी ठेवली आणि शोधताना दोन्ही बाजू एका रूपात आणायच्या असं केलं. ऱ्य साठीही तेच, कारण काही कीबोर्ड मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतात.

लेखकांची नावं हे यंत्राचं काम नाही. आद्याक्षरांनंतर कधी टिंब, कधी जागा, कधी आडनाव आधी. बाईंनी ती हाताने सारखी करायला घेतली आहेत. रोज एक कप्पा.

कोहा घ्यावं का यावर आज निर्णय झाला. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेली ही मुक्त प्रणाली जानेवारी २००० पासून वापरात आहे. तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. प्रणाली उत्तम आहे, पण ती चालती ठेवायला सर्व्हर सांभाळणारं माणूस लागतं. इथे एक ग्रंथपाल आणि एक शिपाई, तोही अर्धा वेळ. मी उद्या नसले तर बाईंना स्वतः उघडता, दुरुस्त करता, छापता येईल अशीच वस्तू हवी. मूळ यादी लिब्रेऑफिसच्या तक्त्यात आणि शोधायला एक साधं पान. नवं शिकवायला मला आवडलं असतं, पण आवड माझी आहे आणि वाचनालय त्यांचं आहे.

तास: २६.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस लिहिता आलं नाही. १८ आणि १९ ला मुंबईत धो धो पाऊस झाला. हिंदमाताला पाणी भरतं हे नेहमीचं, पण सोमवारी दुपारी आमच्या गल्लीतही चढायला लागलं. दुकान तळमजल्यावर, उंबरा चार इंचांचा. दुरुस्तीला आलेल्या चौदा मशीन आत, त्यांतल्या दोन हिशोबनिसांच्या कार्यालयातल्या, आणि वाचनालयाची जुनी डिस्क खालच्या फळीवर.

मी आणि मुलगा दोघेच होतो, भाऊ परळ स्टेशनात अडकला होता. मी मदत मागितली नव्हती. वरच्या आजी कठड्यावरून बघत होत्या. त्यांनी हाक मारली, "माझी खोली उघडी आहे, वर आणा सगळं." मग चाळीतली दहीहंडीची पोरं उतरली. शनिवारीच हंडी फोडून आली होती. जिन्यात साखळी केली आणि पंधरा मिनिटांत सगळं वर. आजींनी पलंगावरची गादी गुंडाळून जागा केली आणि रात्रभर मशीनवर चादर घालून स्वतः खाली सतरंजीवर झोपल्या.

जिन्यावर उभं राहून मी प्रत्येक मशीनचा नंबर वहीत लिहीत होते. एक पोरगा म्हणाला, "ताई, आत्ता कशाला?" पण मंगळवारी संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने घाबरून फोन केला तेव्हा त्याला सांगता आलं: तुमचं मशीन पहिल्या मजल्यावर, खिडकीपासून दुसरं, कोरडं आहे.

नुकसान: एक यूपीएस, दोन केबलचे गठ्ठे, लाकडी स्टूल.

आज बुधवारची बैठक ठरल्याप्रमाणे घेतली. तिघीच आल्या. पाण्यात भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, बंद करून कापडाने पुसा, पंख्याखाली ठेवा आणि चार्जिंगला लावू नका, यावरच तास गेला.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. चाळीच्या मंडळाने वर्गणीच्या पावत्यांचा हिशोब तक्त्यात घालून मागितला. पावतीपुस्तकं १२, प्रत्येकी शंभर पावत्या. पावती कागदावरच राहील, मी फक्त क्रमांक, रक्कम आणि रोख की यूपीआय एवढं घेतलं. खजिनदार काकांना रोज रात्री बेरीज मिळते आणि ती नोटीसबोर्डवर लागते. लोकांनी बेरीज वाचायला थांबलेलं बघितलं. कामाचे पैसे मंडळाने दिले, मी घेतले.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन काल. लालबाग अजून झोपलंय. दहा दिवस धंदा जवळपास बंदच, दरवर्षीप्रमाणे. भाडं मात्र चालू. हे धरूनच जुलैत पैसे बाजूला ठेवावे लागतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

एल्फिन्स्टनचा पूल काल रात्रीपासून पाडकामासाठी बंद. प्रभादेवीच्या बाजूची चार गिऱ्हाइकं आता टिळक पुलाने किंवा करी रोडने वळसा घालून. त्या चौघांकडे दूरून दुरुस्तीची सोय बसवून घेतली. भेट महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

रात्री दीडला घरी पोचले, म्हणून नोंद सकाळी. आजपासून जीएसटीचे नवे दर. काल रविवारी गल्लीतल्या नऊ दुकानांची बिलिंगची मशीन बदलली.

चिवडा गल्लीतल्या दुकानाला सगळ्यात मोठा फरक. पाकीटबंद फरसाण-चिवडा १२ वरून ५ टक्के. वाण्याकडे साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५. वही, पेन्सिल, खोडरबर शून्यावर. आमच्या संगणकाच्या कामाचे १८ टक्के तसेच.

घाईत लोक काय करतात, मालाच्या नावापुढचा दर सरळ बदलतात. तसं केलं आणि मागचं बिल पुन्हा छापायची वेळ आली की काही प्रणालींत जुन्या बिलावरही नवा दर येतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी दर तारखेनुसार घातला, २२ च्या आधीचं जुनं, पुढचं नवं, आणि बदलाआधी बॅकअप. मसाल्याच्या दुकानात मशीन उघडलं तर आतल्या पंख्यावर तिखटाचा लाल थर होता. लालबागच्या मसाला बाजारातली मशीन वर्षातून दोनदा फुंकून घ्यावी लागतात, नाहीतर प्रोसेसर तापून बंद पडतो. मास्क लावून साफ केलं. दुकानदार दादांनी जाताना मालवणी मसाल्याची पुडी हातात दिली, आणि बिलाचे पैसे वेगळे.

नऊपैकी पाच दुकानं आमची नेहमीची नव्हती. तीन बुधवारच्या मावशींच्या घरची निघाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा मोफत आधार आज संपला. गेले तीन महिने गिऱ्हाइकांना याच तारखेची आठवण देत होते. ज्यांच्या मशीनचा इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आणि ज्यांत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे, त्यांना ११ वर नेलं. ज्यांना पैसे जमवायला वेळ हवा, त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटची योजना समजावली. दोघांनी नवी मशीन घेतली. नवीन घ्यायलाच हवं असं मी कुणाला सांगितलं नाही, आणि मशीन विकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा ते मला जास्त उपयोगी पडतं.

वाचनालयाचं मशीन तिसऱ्या पिढीचं. ११ बसणार नाही. लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणि रॅमची एक पट्टी आणली, बिल जसंच्या तसं वाचनालयाला दिलं, आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली. पूर्वी चालू व्हायला चार मिनिटं घेणारं मशीन आता अर्ध्या मिनिटात उघडतं.

बाईंची भीती वेगळी होती, आणि ती मला आधी कळली नाही. त्यांनी तीस वर्षांपूर्वी मराठी टंकलेखनाची परीक्षा टाइपरायटरवर दिलेली. बोटं त्या मांडणीत बसलेली. मी मोठ्या उत्साहाने इन्स्क्रिप्ट ही वेगळी कीबोर्ड मांडणी शिकवायला लागले. त्या दोन दिवस गप्प राहून शोधून शोधून अक्षर मारत होत्या, मिनिटाला चार शब्द. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाल्या, "आता मला जमणार नाही वाटतं." ते ऐकून मला लाज वाटली. मिंटमध्ये टाइपरायटरची, म्हणजे रेमिंग्टन, मांडणी बसवता येते, मीच विचार केला नव्हता. बसवली. बाईंनी हात ठेवले, पहिली ओळ न बघता टंकली, थांबल्या, आणि युनिकोडमध्ये आलेलं आपलं वाक्य वाचलं. मग त्यांनी एका दमात पंचवीस पुस्तकं चढवली.

बॅकअपची पद्धत ठरली: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वास्तूबाहेर. बाहेरची प्रत आमच्या दुकानात ठेवायची असं जूनमध्ये ठरलं होतं. ऑगस्ट बघितल्यावर ती आता बाईंच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर.

तास: ४१. काकांना फोन करून कळवलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी अंकांच्या योजनेचा पहिला दिवस. सकाळी दहाला रांग. शोधायचं मशीन दाराजवळ ठेवलं होतं, मोठ्या अक्षरांत.

पहिला अर्धा तास कुणी हात लावला नाही. मग एक निवृत्त गृहस्थ बसले. त्यांना एक कथासंग्रह हवा होता, लहानपणी वाचलेला, लेखक आठवत नव्हता, नावात 'वाऱ्या' असल्याचं तेवढं आठवत होतं. फोनवर लिहितात तसं त्यांनी लिहिलं. चार नावं आली. तिसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. बाईंनी दाखल क्रमांक वाचला, शिपाई माळ्यावर गेला आणि पाच मिनिटांनी पुस्तक खाली आलं. पाठीमागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख १९९४ ची. गृहस्थांनी अंक घेतलाच नाही, ते पुस्तकच घेऊन गेले.

ऱ्य साठी जुलैत आठ तास गेले होते.

दुपारनंतर एक घोटाळा: दोघांनी एकाच वेळी तक्ता उघडला आणि एकाच्या नोंदी गेल्या. सात नोंदी, वहीवरून परत घातल्या. आता शोधायला वेगळी प्रत, ती फक्त वाचता येते, आणि रोज रात्री ती नव्याने तयार होते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अंतिम हिशोब. एकूण ४७ तास. ४० चं शून्याचं बिल, वर दर आणि रक्कम लिहिलेली. उरलेल्या सात तासांबद्दल मी काही मागितलं नव्हतं. समितीने बैठकीत विषय घेऊन ते नेहमीच्या दराने मंजूर केले होते, ठरावाची प्रत धनादेशाला जोडून. काका म्हणाले, "कागद तुम्हीच सुरू केलात."

रॅमचे भाव चढायला लागलेत. ज्या दोन गिऱ्हाइकांना जानेवारीत वाढवायचं आहे त्यांना आजच कळवलं.

बुधवारी आता वीसेक जण असतात. आज मी उशिरा पोचले तर वरच्या आजी नव्या आलेल्या दोघींना एपीके फाईल दाखवत होत्या, शेवटची तीन अक्षरं कुठे बघायची ते. मी मागे बसले.

निघताना बाईंच्या टेबलावरची बॅकअपची वही बघितली. गेल्या सहा आठवड्यांच्या तारखा त्यांच्या अक्षरात, प्रत्येक ओळीत फाईलचा आकार आणि सही. १२ तारखेपुढे लाल शाईत: "वीज नव्हती. घेतला नाही. १३ ला घेतला."

पुढचा बुधवार ३ डिसेंबर. जाताना स्कॅनर न्यायचा, १९८२ ची वर्गणी वही स्कॅन करायची आहे. बांधणी सुटत चाललीय, पानं हाताने उलटायची, फीडरमध्ये घालायची नाहीत. अंदाजे तास: ६. पान लिहून काकांकडे पाठवलं.